ताट रिकामे परत करू नये



जुलै महिन्याचा चौथा रविवार ख्रिस्तसभा आजी-आजोबांचा आणि वृद्धांचा जागतिक दिन म्हणून पाळते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली हा दिवस सुरू केला. २६ जुलैला संत योआकिम आणि संत ॲना यांचा सण असतो, म्हणून त्या सणाजवळचा रविवार त्यांनी निवडला. हे दोघे पवित्र मरियेचे आईवडील, म्हणजे आपल्या प्रभू येशूचे आजी-आजोबा. बायबलमध्ये त्यांची नावे सापडत नाहीत. दुसऱ्या शतकातल्या एका जुन्या लिखाणातून ती आपल्यापर्यंत आली आहेत. पण देवाचा पुत्र माणूस झाला तेव्हा त्यालाही कोणाच्या तरी घरात नातू म्हणून यावे लागले, एवढे आपल्याला पुरेसे आहे.

गेल्या वर्षी याच रविवारी आम्ही वेदीवरून कृतज्ञतेवर बोललो होतो. संत पौलाने थेसलनीका येथील भाविकांना प्रत्येक प्रसंगी देवाचे आभार मानायला सांगितले, त्यावर आमचे प्रवचन होते. आमच्या मते ते बरे झाले होते. मिस्सा संपल्यावर आम्ही दारात उभे होतो. बाहेर पाऊस कोसळत होता. नायगावच्या बीडीडी चाळीतल्या आमच्या एक आजी छत्री हातात घेऊन गर्दी ओसरायची वाट पाहत थांबल्या होत्या. जवळ येऊन म्हणाल्या, "फादर, लई चांगलं बोललात. पण एक सांगू का? रागावू नका. आभार मानायला मला शिकवू नका, ते मला येतं. माझ्या घरच्यांना एवढंच शिकवा, जेवायला बसायच्या आधी इचारावं, आजी, तू जेवलीस का?"

एवढे बोलून त्या छत्री उघडून निघून गेल्या. आम्ही मात्र बराच वेळ तेथेच उभे राहिलो.

पुढच्या आठवड्यात आम्ही त्यांच्या घरी गेलो. त्यानंतरही काही वेळा गेलो. आज त्यांची हकिकत त्यांच्या परवानगीने आपल्यापुढे ठेवत आहोत. नाव घ्यायचे नाही, ही त्यांची अट आहे. शिवाय नाव न घेतल्याचा एक फायदाही आहे. हे वाचताना आपल्यापैकी प्रत्येकाला आपल्याच घरातली आजी डोळ्यांपुढे आणता येईल.

आजी मूळच्या श्रीरामपूर तालुक्यातल्या, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या. १९७२ च्या दुष्काळात नव्याने लग्न झालेल्या या बाईने दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी थापल्या. त्याच वर्षी नवऱ्याबरोबर त्या मुंबईला आल्या. नवरा गिरणीत बदली कामगार म्हणून लागला. बदली म्हणजे काय, हे आपल्यातल्या जुन्या मंडळींना सांगायला नको. रोज सकाळी गिरणीच्या दारात जायचे. कोणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर तसेच माघारी. राहायला बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली मिळाली. मधल्या पॅसेजच्या दोन्ही बाजूंना खोल्या, संडास सगळ्या मजल्याचे मिळून. त्या खोलीत त्यांनी तीन मुले वाढवली, दोन पाहुणे कायमचे सांभाळले आणि भिंतीवर पवित्र मरियेची एक तसबीर लावली. ती तसबीर अजून तेथेच आहे.

"वर्ष कसं जातं आजी तुमचं?" असे आम्ही विचारले. त्यांनी पावसाळ्यापासून सुरुवात केली.

पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत. दोरी घरातच बांधावी लागते आणि नातवंडांच्या शाळेच्या गणवेशाखालून वाकून चुलीपाशी जावे लागते. आजी अजून गॅसच्या शेगडीला चूलच म्हणतात. २६ जुलै २००५ चा मंगळवार त्यांना तासा-तासाने आठवतो. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. थोरला मुलगा अंधेरीला कामाला होता. तो रात्रभर आला नाही, फोन लागेना. आजींनी तसबिरीपुढे मेणबत्ती लावली आणि मोठ्या पातेल्यात खिचडी चढवली, कारण हिंदमाताकडून पाण्यातून चालत आलेली कितीतरी अनोळखी माणसे चाळीच्या जिन्यात बसून होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा चालत घरी आला. कुर्ल्याला एका अनोळखी घराने त्याला रात्रभर ठेवून घेतले होते, चहा दिला होता, कोरडा शर्ट दिला होता. आजी म्हणाल्या, "माझ्या पोराला कुणीतरी खाऊ घालीत व्हतं, त्याच येळेला मी कुणाच्या तरी पोराला वाढीत व्हते. देवाचा हिशेब असा असतो, फादर."

आमच्या मनात आले, संत ॲनाच्या सणाच्या दिवशी याहून चांगली उपासना नायगावात कोणी केली असेल?

सप्टेंबर आला की पवित्र मरियेचा जन्मदिन. तेव्हा आजींना हरेगाव आठवते. तेथे मतमाऊलीची यात्रा भरते आणि दूरदूरच्या गावांतून भाविक येतात. गुडघे धड होते तोवर आजी दरवर्षी एसटीने जात. आता जमत नाही. पण नोव्हेनाचे नऊ दिवस घरातल्या घरात पाळतात, आणि गावाकडून कोणी यात्रेला निघाले की मेणबत्तीचे पैसे पाठवतात.

दिवाळीला शेजारणीकडून फराळाचे ताट येते. नाताळात आजींचे ताट जाते. करंज्या, शंकरपाळी, चकल्या. पॅसेजमधल्या कोणत्या दाराला किती माणसे, कोणाला साखर चालत नाही, सगळे त्यांना पाठ आहे. चाळीचा एक नियम आपण सगळे जाणतो. शेजाऱ्याचे ताट रिकामे परत करायचे नाही. काही नसेल तर चिमूटभर साखर घालायची. आजींनी हा नियम आयुष्यभर पाळला. ताट घासून, पुसून, काहीतरी घालूनच परत.

आगमनकाळाआधी नोव्हेंबरमध्ये एक दिवस येतो, मृतांच्या स्मरणाचा. २ नोव्हेंबरला आजी शिवडीच्या दफनभूमीत जातात. तेथे त्यांच्या मालकांची कबर आहे. कबरीवरचे गवत उपटतात, फुले ठेवतात, आणि घरात वर्षभरात काय काय घडले ते सगळे त्यांना सांगतात. नातीला नोकरी लागली, धाकट्याचे ऑपरेशन नीट झाले, तुमच्या बहिणीचा मुलगा आला होता. आम्ही म्हटले, "ही तर प्रार्थनाच झाली." त्या म्हणाल्या, "प्रार्थना कशाची? घरची खबर देते."

मग राखेचा बुधवार, उपवासकाळ, क्रूसाची वाट. चाळीस दिवस आजी सकाळचा चहा सोडतात आणि त्या चहाचे पैसे एका डब्यात टाकतात. शुभ शुक्रवारी तो डबा चर्चमध्ये येतो. त्यात चिल्लरच असते, पण मोजताना आमचे हात जपून चालतात. पुनरुत्थानाच्या सणानंतर उन्हाळा. पापड, कुरडया, गच्चीवर राखण, मे महिन्यात मरियेची रोझरी. जूनमध्ये वह्यांना कव्हरे घालणे. की पुन्हा पाऊस आणि पुन्हा दोरीवरचे ओले गणवेश.

असे हे वर्ष आहे. यात चमत्कार नाही, दर्शन नाही. पण उपासनेचे वर्ष आणि चुलीचे वर्ष या बाईने एकाच धाग्यात ओवून घेतले आहे, आणि घरातल्या पोरांना श्रद्धा कळली ती याच धाग्यावरून.

येथवर ऐकून आम्हाला वाटले, चला, एका समाधानी आजीची कथा मिळाली. मग आम्ही १९८२ साल विचारले.

आजी थोडा वेळ गप्प बसल्या. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. वर्ष उलटले तरी संप मिटला नाही. हजारो कामगारांना नोकरी परत मिळालीच नाही. आजींचे मालक त्यांतलेच एक. आजींनी दादरच्या पारशी कॉलनीत दोन घरची धुणीभांडी धरली. मालक घरी बसले, बोलेनासे झाले. त्या वर्षीच्या दिवाळीत शेजारणीने फराळाचे ताट पाठवले. तिचाही नवरा संपावर होता. ताटात दोनच करंज्या आणि मूठभर चिवडा. आजींच्या डब्यात साखर नव्हती. त्यांनी खिडकीतल्या डबड्यात लावलेल्या ओव्याची चार पाने तोडली, ताटात ठेवली आणि ताट परत केले.

"फादर," त्या म्हणाल्या, "त्या वर्षी मी देवाचं आभार मानलं न्हाय. खोटं कशाला बोलू? रोझरी चुकवली न्हाय. पण आभार काय तोंडातून निघंना."

बंधू-भगिनींनो, याच ठिकाणी आमचे गेल्या वर्षीचे प्रवचन अपुरे पडले होते, हे आम्हाला कबूल केले पाहिजे. प्रत्येक प्रसंगी आभार माना, असे वेदीवरून सांगणे सोपे आहे. ज्याच्या डब्यात साखर नाही त्याच्या कानावर ते कसे पडते, याचा विचार आम्ही केला नव्हता. संत पौल प्रत्येक प्रसंगात आभार मानायला सांगतो. प्रत्येक प्रसंगाबद्दल नव्हे. हा फरक लहान वाटतो, पण त्यात सगळे आले. दुष्काळाबद्दल देवाचे आभार मानायचे नसतात. बुडालेल्या पगाराबद्दल मानायचे नसतात. अन्यायाला कृपा म्हणणे ही श्रद्धा नव्हे, ते देवाच्या नावावर खोटे बोलणे आहे. स्तोत्रसंहितेत स्तुतीची स्तोत्रे आहेत तशी आक्रोशाचीही पुष्कळ आहेत, आणि दोन्ही आपण देवाची प्रार्थना म्हणूनच म्हणतो. त्या वर्षी आजींच्या तोंडून आभार निघाले नाहीत, पण रोझरी हातातून सुटली नाही. देवाशी बोलणे बंद झाले नाही. आणि ओव्याची चार पाने ताटात गेलीच. आमच्या मते त्या वर्षी त्यांच्या हातांनी आभार मानले. तोंडाला ते उशिरा जमले.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना आम्ही संत थॉमस अक्विनस यांचे कृतज्ञतेवरचे विवेचन वाचले होते. परीक्षेपुरते पाठ केले होते. त्याचा अर्थ या खोलीत बसून कळला. संत थॉमस म्हणतात की कृतज्ञतेला तीन पायऱ्या आहेत. पहिली, आपल्यावर उपकार झाला हे ओळखणे. दुसरी, ते शब्दांत सांगणे, आभार मानणे. तिसरी, योग्य वेळी, योग्य ठिकाणी आणि आपल्या ऐपतीप्रमाणे त्याची परतफेड करणे. कृतघ्नतेच्या पायऱ्या याच्या उलट दिशेने खाली उतरतात. परतफेड न करणे वाईट. आभारही न मानणे त्याहून वाईट. आणि उपकार झाला होता हेच विसरून जाणे, हे सगळ्यांत वाईट.

आता हे माप आपण आपल्या घराला लावून पाहू या.

चाळीत परतफेडीची तिसरी पायरी सगळ्यांना न शिकवता येते. शेजाऱ्याचे ताट कोणी रिकामे पाठवत नाही. पण घरातल्या घरात काय होते? आजीचे ताट रोज आपल्यापुढे येते. सकाळचा चहा, डबा, इस्त्रीचा शर्ट, नातवाला शाळेत सोडणे, आजारपणात उशाशी बसणे. सून आणि मुलगा दोघेही नोकरीला जातात, जावेच लागते. घर चालते ते आजीच्या जिवावर. आणि ते ताट रोज रिकामे परत जाते. आपण वाईट आहोत म्हणून नव्हे. रोज येते ते दिसेनासे होते, एवढेच. नळाला पाणी येते तोवर नळाची आठवण कोणाला होते? संत थॉमस ज्याला सगळ्यांत खालची पायरी म्हणतात ती दुष्टपणाने नव्हे, सवयीने गाठली जाते.

आजच्या दिवशी आपण दुसरी पायरी मात्र धूमधडाक्यात चढतो. मोबाईलवर फुलांची चित्रे पाठवतो. चर्चमध्ये सर्व आजी-आजोबांना उभे करून टाळ्या वाजवतो. ते करू नये असे नाही. पण टाळ्या वाजवून झाल्यावर घरी जाऊन ती आजीच पोळ्या लाटणार असेल, तर त्या टाळ्यांचा आवाज देवापर्यंत किती पोहोचला असेल?

लूककृत शुभवर्तमानात दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आहे. दहाही बरे झाले. एकच परत आला, आणि तोही परका, शोमरोनी. उरलेल्या नऊ जणांनी काही गुन्हा केला नाही. ते आपापल्या घरी गेले असतील, त्यांना घाई असेल. पण प्रभूने विचारले, ते नऊ कोठे आहेत? परत येणे, म्हणजेच कृतज्ञता. त्या एकाने पाठ फिरवून पुन्हा तोंड प्रभूकडे केले. आपण मिस्साला येतो तो तरी कशासाठी? आपल्या उपासनेचे जुने ग्रीक नाव युखारिस्त. त्याचा अर्थच आभार मानणे असा आहे. देवाने दिलेल्या धान्याची भाकर आणि द्राक्षांचा रस आपण वेदीवर परत नेतो. देवाचे ताट आपण रिकामे परत करत नाही. आणि तोही करत नाही. आपल्या भाकरीच्या जागी तो स्वतःला वाढतो. हे ज्यांनी आज स्वीकारले, त्यांनी घरी जाऊन आईचे, आजीचे ताट रिकामे कसे पाठवावे?

संत पौलाने तरुण तीमथ्याला लिहिताना त्याच्या श्रद्धेचे मूळ सांगितले आहे. ती श्रद्धा आधी त्याच्या आजीत होती, लोईस तिचे नाव. मग आईत, युनीके तिचे नाव. आणि आता ती त्याच्यात आहे. एवढ्या मोठ्या प्रेषिताने एका आजीचे नाव पत्रात लिहून ठेवले आणि म्हणून ते दोन हजार वर्षे टिकले. लोईसने काय केले ते तेथे लिहिलेले नाही. आमचा अंदाज असा, की तिनेही ओल्या कपड्यांखालून वाकून चूल पेटवली असेल, शेजारणीचे ताट भरून परत केले असेल, आणि नातू ते पाहत असेल. पौलाने निदान तिचे नाव घेतले. तो विसरला नाही.

नायगावच्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास म्हाडा करीत आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर, घरातच संडास, दाराला लिफ्ट. आजींना याचा आनंद आहे, आम्हालाही आहे. रात्री-अपरात्री पॅसेजच्या टोकाला जाणाऱ्या म्हाताऱ्या पायांनी शंभर वर्षे या घरांची वाट पाहिली आहे. फक्त एक काळजी आजींनी बोलून दाखवली. "आता एकच खोली हाय, म्हणून समदी रोझरीला बसत्यात. कुठं जातील? नव्या घरात दारं असतील." दारे असणे वाईट नाही. पण दारे आली की विचारावे लागते, हाक मारावी लागते. एका खोलीत जे आपोआप होत होते ते आता ठरवून करावे लागेल. ज्यांची मुले परदेशी किंवा दूरच्या उपनगरांत गेली आहेत आणि घरी म्हातारा जीव एकटा आहे, त्यांच्या बाबतीत तर हे आजच लागू आहे.

म्हणून या आठवड्यासाठी आम्ही आपल्याला तीन साध्या गोष्टी सुचवतो, संत थॉमस यांच्या तीन पायऱ्यांप्रमाणे. पहिली, एका रात्री रोझरीनंतर घरातल्या प्रत्येकाने आजी-आजोबांकडून मिळालेली एक गोष्ट आठवून सांगावी. ते हयात नसतील तरी. दुसरी, ती गोष्ट त्यांना तोंडाने सांगावी, मोबाईलवर नव्हे. तिसरी, आठवड्यात एक जेवण त्यांना बसवून वाढावे, आणि त्या उठेपर्यंत आपण उठू नये. ज्यांच्या घरात वृद्ध नाहीत त्यांनी आपल्या मजल्यावरचे एक दार ठोठवावे. तेथे जाताना हात रिकामा असू नये.

त्या आजींच्या घरी काय झाले, हे आपल्याला ऐकायचे असेल. परवा आम्ही विचारले. त्यांचा नातू सातवीत आहे. त्या म्हणाल्या, "आता इचारतो, आजी, तू जेवलीस का? कधी इसरतो. मग मीच म्हणते, आरं, आज इचारलं न्हाईस." असे म्हणून त्या हसल्या. मग उठून त्यांनी आम्हाला चहा दिला. आम्ही गेल्या खेपेस त्यांचा एक डबा घेऊन गेलो होतो, तो परत केला. त्यांनी तो हातात धरून जरा हलवून पाहिला. आत आम्ही थोडी साखर घातली होती. त्या काही बोलल्या नाहीत. डबा फळीवर ठेवून दिला.

आपण प्रार्थना करू या. हे दयाळू पित्या, आम्हाला मांडीवर घेऊन क्रूसाची खूण करायला शिकवणाऱ्या सर्व आजींना तू आशीर्वाद दे. जे गेले त्यांना तुझ्या घरी विसावा दे. जे थकले आहेत त्यांना आमच्या हातून विश्रांती मिळू दे. ज्यांच्या तोंडून आज आभार निघत नाहीत, त्यांची जपमाळ हातातून सुटू देऊ नकोस. आणि तू रोज आमच्यापुढे ठेवतोस ते ताट आम्ही कधीही रिकामे परत करू नये, अशी आठवण आम्हाला दे. हे आम्ही ख्रिस्त आमचा प्रभू याच्याद्वारे मागतो. आमेन.

ख्रिस्तात आपला,
धर्मगुरू